सुटीचा बेत आणि यजमानाचे पाणी

परीक्षा आटोपल्या की घरोघर सुटीच्या बेतांना ऊत येतो. एके काळी आपल्या किनारपट्टीवरील मध्यमवर्गीय कुटुंबाचा बेत ठरलेला असे. आजोळ, कुलदेवतेचे दर्शन, आणि फार झाले तर मुंबईस मावशीकडे आठ दिवस. आज त्याच घरांतील मुले बार्सिलोनाचा नकाशा पसरून बसतात. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. ज्यांच्या आजोबांनी मुंबईच्या बोटीत पाय ठेवण्यापूर्वी चारदा खिसा चाचपला, त्यांच्या नातवंडांनी भूमध्य समुद्र पाहावा, हे आम्हांस समाधानाचेच वाटते. प्रश्न आहे तो बेत आखताना कसली चौकशी होते याचा. विमानाचे तिकीट, व्हिसा, समुद्रालगतची खोली, शाकाहारी जेवणाची सोय यांची बारकाईने विचारपूस होते. ज्या गावी जायचे त्या गावच्या माणसांचे काय चालले आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही.

बार्सिलोनाचेच पाहा. ज्या चौपाटीच्या ओढीने जगभरचे लोक तेथे लोटतात, ती निसर्गाने जशीच्या तशी दिलेली नव्हे. १९९२ च्या ऑलिंपिक सामन्यांपूर्वी त्या किनाऱ्याचा मोठा भाग कारखान्यांनी आणि रेल्वेच्या रुळांनी अडवलेला होता. समुद्राकडे पाठ करून बसलेले शहर, अशीच त्याची ख्याती होती. ऑलिंपिकच्या निमित्ताने कारखाने हटले, रूळ हलले, वाळू आणून पसरली गेली आणि शहराला समुद्र परत मिळाला. हे काम खरोखर वाखाणण्यासारखे होते. परंतु नगरवासीयांस परत मिळालेला तो समुद्र फार दिवस त्यांचा राहिला नाही. बार्सेलोनेता ही अठराव्या शतकात वसलेली कोळ्यांची आणि खलाशांची वस्ती. तिथल्या अरुंद घरांतील खोल्या आता पाहुण्यांस दिवसाच्या भाड्याने जातात, आणि मूळच्या कुटुंबांस त्या परवडत नाहीत. दहा वर्षांत शहरातील घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली, असे तेथील महापौर जौमे कोलबोनी यांनी जून २०२४ मध्ये सांगितले, आणि पर्यटकांस भाड्याने देण्याच्या १०,१०१ घरांचे परवाने २०२८ च्या अखेरीपर्यंत संपुष्टात आणण्याचा निर्णय जाहीर केला. पुढच्याच महिन्यात हजारो नागरिक रस्त्यावर उतरले आणि त्यांतील काहींनी उपाहारगृहांबाहेर बसलेल्या परदेशी पाहुण्यांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. पाहुण्याशी असे वागणे आम्हांस पसंत नाही. तथापि ज्यांना स्वतःच्याच गल्लीत घर मिळेनासे झाले, त्यांच्या हाती पिचकारी का आली हे न समजण्याइतके आपण किनाऱ्यावरचे लोक भोळे नाही.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तेथे दुष्काळाची आणीबाणी पुकारली गेली होती. माणशी दिवसाला २०० लिटरची मर्यादा आली, चौपाटीवरचे आंघोळीचे फवारे बंद पडले. सहलीच्या जाहिरातीत अशा गोष्टींस जागा नसते.

हे सारे वाचताना गोमंतकीय वाचकास परके वाटू नये. २०११ च्या जनगणनेनुसार १४ लाख ५८ हजार वस्तीच्या या राज्यात २०२४ मध्ये एक कोटीच्या वर पर्यटक आले, असे पर्यटन खात्याचे आकडे सांगतात. कळंगुट-बागा येथील रस्त्यांची दशा, विहिरींतील वाढता खारेपणा, टँकरच्या वाऱ्या आणि रापणकारांच्या वाळूवर पसरलेल्या खाटा यांवर या स्तंभात आम्ही वेळोवेळी लिहिले आहे. तिळारीच्या कालव्याला भगदाड पडले की बार्देशचे नळ कोरडे होतात, हा अनुभव ताजा आहे. ग्रामसभेत यावर तावातावाने बोलणारे सद्गृहस्थ आम्हांस माहीत आहेत. पण तेच सद्गृहस्थ परगावी निघाले की नेमके वस्तीतले एखादे घर स्वस्तात मिळते का, ते शोधू लागतात! यजमान म्हणून जे आपणांस खुपते, ते पाहुणे म्हणून आपण बिनदिक्कत करतो. या दुटप्पीपणाला आळा घालायचा तर त्याची सुरुवात बेत आखतानाच व्हावयास हवी.

या संदर्भात आम्हांस भोपाळची आठवण होते. भोपाळला समुद्र नाही, आणि कुठे राजा भोज अन् कुठे गंगू तेली असे म्हणून कोणी बार्सिलोनाशी त्याची तुलना हसण्यावारी नेईल. भोपाळचे नाव काढले की आपल्याकडे डिसेंबर १९८४ ची ती विषारी रात्र आठवते, आणि ती आठवावी हे योग्यच आहे. पण हेच शहर पाण्याच्या काठी वसलेले आहे आणि पाणी कोणाचे, या प्रश्नाचा तेथे अलीकडे एक निवाडाही झाला आहे.

परमार राजा भोज याने अकराव्या शतकात कोलांस नदीला मातीचा बांध घालून तेथील मोठे तळे निर्माण केले, असे परंपरा सांगते. सुमारे ३१ चौरस किलोमीटरचा हा जलाशय. त्याच्यापुढे बाकीची सारी तळी म्हणजे डबकी, अशी भोपाळवासीयांची बढाई आहे, आणि संध्याकाळी काठावर उभे राहून पाहिल्यास ती खोटी वाटत नाही. २००२ साली रामसर करारान्वये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा लाभला. याच तळ्याचे पाणी शहराचा मोठा भाग आजही पितो. अशा तळ्यात पर्यटनाच्या नावाखाली डिझेलवर चालणारी क्रूझ आणि मोटारबोटी फिरू लागल्या होत्या. एका नागरिकाने दाद मागितली, आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ पीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्या बंद करण्याचा आदेश दिला.

पर्यटनाने रोजगार मिळतो, बोटी बंद झाल्यावर त्यांवर पोट भरणाऱ्यांनी काय करावे, असा आक्षेप यावर घेतला गेला. तो खोटा नव्हता. ज्याची चूल त्या बोटीवर पेटते त्याला केवळ कायद्याचे कलम दाखवणे हा शहाणपणा नव्हे. परंतु पिण्याच्या पाण्यात तेल सांडून मिळणारा रोजगार हा अखेर शेजाऱ्याच्या घागरीतूनच काढलेला असतो. शिवाय वल्ह्याच्या नावेस कोणी मनाई केलेली नाही. २०२५ च्या अखेरीस त्या तळ्यात हाताने वल्हवायचे शिकारे आले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. पाहुणा तळ्यावर आला, त्याने आनंद लुटला आणि गावाच्या पाण्याला धक्का लागला नाही. एवढे साधता येते, तर आपल्या मांडवीत आणि साळ नदीत ते का साधू नये, याचे उत्तर आमच्या पर्यटन खात्याने द्यावे.

भोपाळशी आपला आणखी एक धागा आहे. शामला टेकडीवरून तळ्याकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे भारत भवन १९८२ साली उघडले. त्याचे वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया मूळचे गोमंतकीय. पणजीत मांडवीच्या काठी कला अकादमीची वास्तूही त्यांचीच. दोन्ही वास्तू पाण्यासमोर लवून बसल्या आहेत. पाण्याच्या आणि माणसांच्या मध्ये त्या भिंतीसारख्या उभ्या राहत नाहीत. भोपाळची वास्तू पाहून आल्यावर, जुलै २०२३ मध्ये डागडुजी चालू असतानाच कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले, हे आठवून मन विषण्ण होते. किनाऱ्यावर नव्याने उठणारी पंचतारांकित हॉटेले तर पाण्याला पाठीशी घालून रस्त्याकडे फाटक लावून बसतात. त्यांविषयी काय बोलावे!

ज्यांना बार्सिलोनास जायचे आहे त्यांनी अवश्य जावे. उन्हाळ्याची गर्दी टाळावी, वस्तीतले घर भाड्याने घेण्याऐवजी परवानाधारक हॉटेलात उतरावे आणि रात्री गल्लीतून जाताना आवाज बेताचा ठेवावा. कळंगुटच्या पाहुण्याकडून आपली अपेक्षा याहून वेगळी नसते. आणि ज्यांचा बेत अद्याप ठरलेला नाही त्यांच्या माहितीसाठी सांगतो की वास्को-निजामुद्दीन गोवा एक्स्प्रेस भोपाळला थांबते. सांची आणि भीमबेटका ही दोन्ही स्थळे तेथून सुमारे पन्नास किलोमीटरच्या आत आहेत. मेमधील उन्हात मात्र जाऊ नये. पावसाळा सरत आला की जावे. पाऊस चांगला झाला तर तळे १६६६.८० फुटांच्या पातळीला टेकते, भदभदा धरणाचे दरवाजे उघडले जातात, आणि ते पाहण्यासाठी सारे भोपाळ पुलावर लोटते.