खुंटीवरचे चार सदरे

परीक्षांचे निकाल लागून नोकरीची बोलावणी येऊ लागली म्हणजे आमच्या टपालात एका ठराविक प्रकारच्या पत्रांची भर पडते. मुलाला आता कचेरीत जावयाचे आहे. त्याच्यासाठी काय शिवावे, किती शिवावे, आणि घरच्या इतर खर्चास धक्का न लावता ते कसे साधावे, अशी पृच्छा त्यांत असते, व ती बहुधा मातांच्या हातची असते. मुलींच्या वस्त्रांविषयी प्रत्येक घरात चार जाणती माणसे असतात. मुलाच्या कपड्यांचा विचार मात्र दिवाळीस एकदा आणि कोणाच्या लग्नात एकदा, एवढाच होतो. म्हणून या खेपेस हा विषय घेतला आहे.

‘वेष’ हा शब्द ‘विष्’ या धातूपासून आला आहे, व वैदिक वाङ्मयात त्याचा अर्थ काम, व्यापार असाही होतो. अंगावरचा पोषाख हा अर्थ पुढे रूढ झाला. जुन्या शब्दाची ही दोन अंगे तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आज बाजारात जे कपडे ‘ऑफिसवेअर’ म्हणून विकले जातात त्यांतील पुष्कळसे दुकानाच्या आरशापुढे फार शोभतात आणि एस. टी.च्या एका प्रवासात निकालात निघतात.

लाखनी हे भंडारा आणि साकोली यांच्यामधले, नागपूर–रायपूर महामार्गावरचे गाव. आमची मुले नोकरीसाठी भंडाऱ्यास जातात, साकोलीस जातात, कित्येक नागपुरास खोली करून राहतात. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, आणि आषाढ-श्रावणात झडी लागली की दोरीवरचे कापड तीन-तीन दिवस ओले राहते. दोन्ही ऋतूंना पुरून उरेल असे एकच कापड नाही. सुती धागा हवेतील ओल आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांपर्यंत सहज धरतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही धरीत नाही. म्हणूनच सुती सदरा घाम टिपतो व उन्हाळ्यात सुखाचा होतो, आणि म्हणूनच तो पावसाळ्यात वाळता वाळत नाही. मिश्र कापडाचे याच्या बरोबर उलट. आम्ही नोकरीस लागलो तो काळ टेरिकॉटचा होता. एक सदरा दहा वर्षे फाटत नसे, हे त्याचे भूषण, आणि मे महिन्यात वर्गात तो अंगाला चिकटून बसे, हे त्याचे प्रायश्चित्त!

तेव्हा आमचा हिशेब असा. चार सदरे, त्यांपैकी दोन शुद्ध सुती व दोन मिश्र कापडाचे. तीन विजारी. सरकारी कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आहे. शाळा व पुष्कळ खाजगी कचेऱ्या सहा दिवस चालतात. आठवड्यात मध्ये एकदा धुणे झाले तर चार सदऱ्यांत कोणाचेही भागते. रंग निवडताना एकच कसोटी लावावी: कोणताही सदरा कोणत्याही विजारीवर चालला पाहिजे. पांढरा, फिका निळा, फिका बदामी, बारीक रेघांचा असे सदरे, आणि गडद राखी, गडद निळी व तपकिरी अशा विजारी घेतल्या तर बारा जोड होतात. काळी विजार आम्ही मुद्दामच सांगत नाही, कारण महामार्गाची धूळ तिच्यावर सर्वांत आधी दिसते.

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांना तर हा विचार सरकारनेच सांगून ठेवला आहे. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयात पुरुष शिक्षकांनी फिक्या रंगाचा सदरा गडद विजारीत खोचून घालावा, जीन व टी-शर्ट वर्गात नको, असे म्हटले. त्यापूर्वी डिसेंबर २०२० मध्ये सरकारी नोकरांसाठी असेच परिपत्रक निघाले होते, आणि त्यात आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरण्याची सूचना होती. ज्यांना नियमांचा जाच वाटतो त्यांच्याशी आम्ही वाद घालीत नाही. पण चार सदरे निवडावयाचे असतील तर अशी यादी हाती असणे सोयीचेच आहे.

आता ज्या कारणाने आम्हांस हे सर्व लिहावेसे वाटले ते सांगतो. आमच्या परिचयाच्या एका घरी अकरा माणसे आहेत. शेती बेताची, दोन भावांचा एकत्र संसार, खाण्यापिण्याची ददात नाही. त्या घरच्या धाकट्या मुलाला नागपुराहून मुलाखतीचे बोलावणे आले. तो सकाळी निघाला आणि संध्याकाळी परत येऊन, गाडी चुकली म्हणून सांगता झाला. दोन महिन्यांनी त्याच्या काकूच्या कानी खरे आले. तो भंडाऱ्याच्या बसस्थानकावर दिवसभर बसून होता. थोरल्या भावाचा उतरलेला सदरा खांद्यावर विरलेला होता, विजार आखूड झाली होती, आणि त्या वेषात चार अनोळखी माणसांपुढे उभे राहण्याचा त्याला धीर झाला नाही. त्या घरात कोणी त्याला नाही म्हटले नसते. पण त्याच वर्षी बहिणीचे लग्न झाले होते, आणि मागण्याचा संकोच त्याने कोणापाशी बोलून दाखविला नाही. एकत्र कुटुंबात सर्वांचे सर्व असते, तरी ‘मला हवे’ म्हणण्याचे धैर्य ज्याच्या हाती अजून पैसा आला नाही त्याला होत नाही. वडीलधाऱ्यांनी हे ओळखावयास नको काय? मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षास गेला की न मागता दोन सदरे व एक विजार शिवून खुंटीवर ठेवावी. बाकीचे त्याने आपल्या पगारातून, महिन्याला एक याप्रमाणे करावे. पहिल्याच पगारात सर्व काही हप्त्याने आणणे आम्हांस पसंत नाही. कपडा विरला तरी हप्ता संपत नाही.

तयार कपडे घ्यावे की शिवून घ्यावे? अंगकाठी मध्यम असेल त्याने सदरा तयार घेण्यास हरकत नाही. विजार मात्र शिंप्याकडूनच शिवावी. ५८ इंच पन्ह्याचे कापड सदऱ्यास १.६० मीटर आणि विजारीस १.२० ते १.३० मीटर लागते, म्हणजे वरील सर्व जामानिमा दहा-साडेदहा मीटरांत होतो. सुती कापड शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यात बाह्या आखडतात. दोन सदरे एकाच कापडाचे घेतले तर उरलेल्या तुकड्यांतून पुढे विरलेली कॉलर बदलता येते. कॉलर उलटवून देणारे जुने शिंपी अद्याप गावोगाव आहेत. विजारीच्या मागच्या शिवणीत दोन बोटे कापड आत राखून ठेवण्यास बजावून सांगावे. तरुण माणूस लग्नानंतर वर्षभरात रुंद होतो, हा आमच्या पाहण्यातला नियम आहे.

आपल्या जिल्ह्यात मोहाडीकडे, आंधळगावास, कोसा विणला जातो. ऐनाच्या झाडावर वाढणाऱ्या किड्याच्या कोशापासून निघते ते हे रेशीम, संस्कृतात ‘कौशेय’ म्हणतात ते. घरी कोश्याचा एखादा सदरा अवश्य असावा, पण तो मंगलकार्यासाठी. रोजच्या कामाला त्याचे लाड परवडत नाहीत.

धुण्याविषयी थोडे स्पष्ट लिहितो. चार सदरे म्हणजे आठवड्यास चार धुणी व चार इस्त्र्या, आणि त्या कोणी कराव्या याचा विचार आमच्या घरांतून होत नाही. भावजयीने पहाटे उठून दिराचा सदरा कडक करून द्यावा, ही चाल आम्हांस शोभणारी नाही. ज्याला मुलाखत देता येते त्याला इस्त्रीही फिरवता येते. रविवारी तासाभरात चारही सदरे होतात. सदरा किंचित ओलसर असतानाच आधी कॉलर, मग मनगटपट्ट्या, मग बाह्या, आणि शेवटी पाठ व पोट, असा क्रम ठेवावा.

जोडा एकच, काळा, चामड्याचा, पण बेताच्या किमतीचा असला तरी शिवलेल्या तळव्याचा घ्यावा. नुसता चिकटवलेला तळवा पावसाळ्यात उघडतो. झडीच्या दिवसांत प्रवासात रबरी वहाणा घालून जोडा पिशवीत न्यावा व कचेरीच्या दारात बदलावा. भिजलेला जोडा चुलीपाशी किंवा उन्हात ठेवू नये, चामडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावा. पायमोज्यांचे मात्र तीन जोड लागतात, येथे काटकसर शेजारच्या माणसास भोवते.

एका भगिनींनी गळपट्टीविषयी, म्हणजे टायविषयी, विचारले आहे. कचेरीने मागितली तर गडद निळी, बिननक्षीची एक घ्यावी. न मागितली तर लाखनीच्या उन्हाळ्यात ती गळ्याशी बांधण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.