हवा कोण चोरतं?



गेल्या महिन्यात आमच्या गाडीनं मला चांगलंच कोड्यात टाकलं. मागचं डावं चाक दर चार-पाच दिवसांनी बसायचं. पंपावर जायचं, ‘बत्तीस भरा’ म्हणायचं आणि घरी यायचं. पुन्हा चार दिवसांनी तेच! असं तीन वेळा झालं. तरी मी आपला म्हणतोय, “बघू रविवारी.”

शनिवारी पहाटे आम्ही पुण्याहून नाशिकला निघालो होतो. डिकी भरली, आई पुढच्या सीटवर बसली. तेवढ्यात सातवीतली माझी भाची म्हणाली, “मामा, गाडी एका बाजूला कलल्यासारखी दिसतेय.” हवा मोजली, तर बत्तीसच्या जागी १८! मी गुपचूप गाडीची किल्ली खिशात टाकली.

तुम्ही म्हणाल, हवा थोडी कमी असली तर एवढं काय बिघडलं? सांगतो. ‘बत्तीस’ म्हणजे टायरच्या आतून प्रत्येक चौरस इंचावर ३२ पौंडांचा दाब. गाडीचा भार खरं तर ही हवाच पेलते. ती कमी झाली की टायरची बाजूची भिंत दर फेऱ्याला जास्त वाकते आणि सरळ होते. एखादी तार हातात धरून भराभर वाकवून बघा. वाकवलेली जागा गरम लागते ना? टायरचंही तसंच होतं. ताशी ८० किलोमीटर वेगानं जाणाऱ्या छोट्या गाडीचं चाक सेकंदाला सुमारे बारा वेळा फिरतं. म्हणजे भिंत सेकंदाला बारा वेळा वाकणार! टायर तापत जातो, आतून कमजोर होतो आणि भर हायवेवर फुटू शकतो. आमच्या गाडीत तर पाच माणसं आणि डिकीभर सामान होतं.

तर मंडळी, प्रवास थांबला आणि तपास सुरू झाला.

पहिला प्रश्न : चोरी खरंच झाली आहे का? कारण थोडी हवा प्रत्येक टायरमधून आपोआप जाते. महिन्याला एक-दोन पौंड कमी होणं हे नेहमीचंच. शिवाय थंडीत हवा आकसते. तापमान दहा अंशांनी उतरलं, की दाब साधारण दीड पौंडानं उतरतो. पण तेव्हा चारही चाकांत हवा कमी दिसते. एकाच चाकात भराभर उतरली, तर समजा, चोर त्याच चाकात आहे!

आता साहित्य. बादलीत थोडं पाणी, त्यात भांडी घासायचा साबण आणि एक जुना ब्रश. बस्स! बारीक छिद्रातून निघणारी हवा दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. पण साबणाच्या पाण्याचा पातळ पापुद्रा ती फुगवते आणि बुडबुडे वर येतात. टायरमध्ये हवा भरपूर असेल तरच ही युक्ती चालते, म्हणून आधी आम्ही पायपंपानं हवा भरून घेतली.

संशयित तीन होते. पहिला, जमिनीला टेकणारा भाग. तिथं खिळ्याचं चकचकीत डोकं दिसलं! भाची ओरडली, “सापडला!” साबणाचं पाणी लावलं. पाच मिनिटं वाट पाहिली. एकही बुडबुडा नाही. खिळा आखूड होता, आतपर्यंत पोचलाच नव्हता. बघा हं, जो आधी दिसतो तोच चोर असतो असं नाही. आणि असा खिळा कधीही घरी उपटू नका. तो आरपार गेला असेल, तर बूच काढल्यासारखी सगळी हवा सुटेल.

दुसरा संशयित, रिमची कड. रिम गंजली किंवा खड्ड्यात आपटून वाकली, की टायर तिथं घट्ट बसत नाही. कडेनं गोल पाणी लावलं. बुडबुडे नाहीत.

तिसरा, व्हॉल्व्ह. टोपी काढून तोंडावर साबणाचा थेंब ठेवला. काही नाही. पंक्चरवाले काका बोटावर थुंकी घेऊन लावतात, ती हीच परीक्षा! मग भाचीनं व्हॉल्व्ह अलगद एका बाजूला वाकवला, आणि बुडाशी बारीक फेस आला. जुन्या रबराला चीर गेली होती. गाडी उभी असताना चीर बंद आणि चाक फिरताना उघडी. पकडला की नाही चोर!

मग स्टेपनी लावली आणि ते चाक पंक्चरच्या दुकानात नेलं. व्हॉल्व्ह बदलायला थोडाच वेळ लागला. काकांनी टायर पाण्याच्या टाकीत बुडवून खिळाही काढून दाखवला. आरपार गेला असता, तर टायर उतरवून आतून पॅच लावावा लागला असता. बाहेरून रबराची वात ठोकणं झटपट होतं, पण आतून तपासून केलेली दुरुस्ती जास्त भरवशाची. आणि भोक बाजूच्या भिंतीत असेल, तर दुरुस्ती नाहीच, टायर बदलायचा. कारण ती भिंत सतत वाकत असते, पॅच टिकणार कसा?

नाशिकला आम्ही दुपारी निघालो. आईचा डबा वाटेत खाल्ला. उशीर झाला, पण कुणी कुरकुरलं नाही.

आता तुमचं काम. एका वहीत चार चाकांचे चार रकाने आखा, पाचवा स्टेपनीचा. तिची आठवण कुणालाच नसते! दर रविवारी सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी, आई-बाबांसोबत हवा मोजा आणि आकडे लिहा. किती हवा हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. जॅकचं काम मोठ्यांचं. गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही.

घरी गाडी नसेल तर सायकल आहेच! हवेचा टायर प्रचारात आला तो पोराच्या सायकलमुळेच. बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला तो बसवला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं.

आणि हो, आई-बाबांनो, पोरं म्हणाली “गाडी कललीय”, तर ‘बघू रविवारी’ म्हणू नका. मी म्हणालो होतो. त्याच दिवशी बघा.