करारनामा वाचण्याचे शिक्षण

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणारा नाशिकचा कामगार आयुष्याची पुंजी आणि भविष्यातील वेतन गहाण टाकून पहिली सदनिका घेतो; करारनामा मात्र न वाचताच सही करतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी बांधकाम व्यावसायिकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांच्या पैशातील ७० टक्के रक्कम जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवणेही बंधनकारक आहे. परंतु ठाऊक नसलेला हक्क नसल्यातच जमा! हे शिक्षण विकणाऱ्याच्या रंगीत पत्रकातून मिळणार नाही. कामगार संघटनांनी व पक्षशाखांनी वस्तीवस्तीत करारनामा-वाचनाचे वर्ग भरवावेत. महारेराकडील नोंदणी तपासल्याखेरीज इसार देऊ नये, हे घरोघर सांगावे. निवाऱ्याचा हक्क मागणाऱ्या चळवळीने त्या हक्काचा कागद वाचायलाही शिकवले पाहिजे.