सोयरीक जुळवताना सिकलसेलचा रिपोर्टही बघा

भंडारा : लग्नाच्या बोलणीत पत्रिका बघतात, शेती विचारतात, सिकलसेलच्या तपासणीचं नाव क्वचितच निघते. विदर्भात हा आजार जुनाच. अंग-सांधे ठणकतात, रक्त कमी होते. तो आईवडिलांकडूनच येतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याचा धोका २५ टक्के. वाहक पोरगा-पोरगी मात्र ठणठणीत दिसतात, म्हणून तपासणी राहून जाते. सोयरीक मोडेल या भीतीने रिपोर्ट लपवलाही जातो.

ही भीती अर्धवट माहितीची आहे. एक वाहक अन् दुसरा तपासणीत निरोगी निघाला, तर मुलाला सिकलसेल आजार होत नाही. २०२३ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आहे. साक्षगंधाआधी दोन्ही घरांनी ती करून घ्यावी. वाहक असणं हा दोष नाही. लपवणं महागात पडते.