ओटा तिचा, घर कुणाचं?

मुंबईत ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हकाठी १९३०च्या दशकातल्या गोलाकार गॅलऱ्यांच्या इमारती दिमाखात उभ्या आहेत. २०१८ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशात घेतलं. तिथलं एका बेडरूमचं जुनं घर सजवताना बाहेरचं रूप जपायचं, आतलं स्वयंपाकघर तेवढं नवं करायचं.

जळगाव-धुळ्यात आपणही जुनं घर घेतो, दुरुस्त करतो. ओटा, फरशी, रंग सारं बाईच्या पसंतीचं! मग खरेदीखतावर तिचं नाव का नको? महाराष्ट्रात २०२१पासून फक्त बाईच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. मैत्रिणींनो, टाइल्स निवडण्याआधी एवढं विचाराच, कागद कुणाच्या नावावर होणार?