टोकन नंतर, आधी सातबारा

जालनेकरांनो, पाडवा तोंडावर आला आहे आणि मार्चअखेरही. प्लॉटच्या धंद्यात या दोन गोष्टी जोडीने आल्या की लोकांचे डोके ठिकाणावर राहत नाही. "काका, 1 एप्रिलला रेडीरेकनर वाढला तर मुद्रांक शुल्क जास्त बसेल, पाडव्याला टोकन टाकून घ्या, शेवटचे चार प्लॉट राहिलेत." हे वाक्य भोकरदन नाक्यावर, अंबड रोडला, मंठा चौफुलीवर दिवसभर ऐकू येते. म्हणून ही विनंती आताच करतो आहे, मुहूर्त टळायच्या आत: प्लॉट ज्या गटात आहे त्या गटाचा सातबारा स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय कुणालाही एक रुपया टोकन देऊ नका.

जमिनीला भाव का आला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून पूर्ण सुरू झाला. जालना–नांदेड जोडमार्ग आखला गेला. दरेगावचा ड्रायपोर्ट आहे, 2023 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईची वंदे भारत सुरू झाली आणि 2024 मध्ये जालना–जळगाव रेल्वेमार्गाला केंद्राने मंजुरी दिली. त्यात मराठवाड्यातल्या मल्टिस्टेट पतसंस्था बुडाल्या. ज्यांचे पैसे कसेबसे निघाले, त्यांना आता ठेव नको, जमीन हवी आहे. एकदा पोळलेला हा पैसा दुसऱ्यांदा पोळू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

मात्र माहितीपत्रकात छापलेले सगळे खरे नसते. "समृद्धीला लागून" हे शब्द घ्या. समृद्धी हा प्रवेश-नियंत्रित रस्ता आहे. दोन्ही बाजूंना कुंपण, आत शिरायचे ते इंटरचेंजवरूनच. कुंपणापलीकडे घेतलेल्या प्लॉटला समृद्धीचा आवाज मिळतो, रस्ता मिळत नाही. प्लॉटपर्यंत जाणारा रस्ता मंजूर रेखांकनातला आहे की कुणाच्या बांधावरून काढलेली पायवाट आहे, एवढे आधी विचारा. नव्या मार्गाच्या भूसंपादनात तो गट येतो का, हेही उपविभागीय अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. येत असेल, तर तुम्ही प्लॉट नव्हे, मोबदल्याचे भांडण विकत घेत आहात.

आता मुद्द्याचे. सध्या सगळ्यांत जोरात चाललेली थाप म्हणजे "तुकडाबंदी उठली, आता एका गुंठ्याचीही रजिस्ट्री होते." अर्धे खरे पूर्ण खोट्यापेक्षा वाईट, ते असे. 1947 चा तुकडेबंदी कायदा गेलेला नाही. जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ऑगस्ट 2023 मध्ये ठरले, ते शेतजमिनीला आजही लागू आहे. नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशाने सवलत दिली ती मुख्यतः जुन्या व्यवहारांना: 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातल्या, आणि त्याही निवासी, व्यापारी, औद्योगिक अशा बिगरशेती वापरासाठी नेमलेल्या भागांतल्या. शेती झोनमधल्या कपाशीच्या वावरात काल चुन्याच्या रेघा मारून, एक कमान उभारून आज गुंठे विकणाऱ्याला त्यातून काहीही मिळत नाही. शिवाय तुकडा नियमित झाला म्हणजे घर बांधायची परवानगी मिळाली असे नव्हे. रेखांकन मंजुरी वेगळी, बांधकाम परवानगी वेगळी.

मग सातबाऱ्यात पाहायचे काय? डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमी संकेतस्थळावर 15 रुपयांत निघतो. वरच्या बाजूला भू-धारणा पद्धती लिहिलेली असते. तिथे "भोगवटादार वर्ग 1" असेल तर पुढे वाचा, "वर्ग 2" दिसले की थांबा. ती जमीन इनामाची, सीलिंगची किंवा सरकारने अटी घालून दिलेली असू शकते. सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा याशिवाय तिचा व्यवहार टिकत नाही. जालना हा निजामाच्या राज्याचा भाग होता, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न पुण्या-नाशिकपेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे. खिदमतमाश, मदतमाश, देवस्थान, वक्फ, हैदराबाद कूळकायदा असे शब्द उजवीकडच्या "इतर हक्क" रकान्यात बारीक अक्षरात असतात आणि दलाल नेमका तेवढाच भाग बोटाने झाकून कागद दाखवतो. वक्फची किंवा देवस्थानाची जमीन दहा हातांतून फिरली तरी मूळ प्रश्न तिथेच राहतो. गायरानाबद्दल तर बोलायलाच नको. ते विकायचा अधिकार गावातल्या कुणालाच नाही, मग तो कितीही मोठा पुढारी असो.

त्याच रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असतो. खाली "प्रलंबित फेरफार" अशी ओळ असते. तिथे "नाही" लिहिलेले नसेल, तर कुणीतरी आधीच त्या जमिनीवर नाव लावायला निघाले आहे. ते कोण, हे "आपली चावडी" वर फुकट दिसते. सातबाऱ्यावर पाच नावे आणि "सामाईक क्षेत्र" असेल आणि समोर एकटा थोरला भाऊ बसला असेल, तर उरलेले चौघे कुठे आहेत ते विचारा.

आणि बहिणी. निम्मे दावे इथूनच उभे राहतात, असे दिवाणी कोर्टाच्या आवारात कुणीही वकील सांगेल. बाप गेला, वारसाची नोंद भावांची झाली, बहिणींची नावे "राहून गेली". वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासून आहे, बाप 2005 पूर्वी वारला असला तरी, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. बहिणीने रजिस्टर हक्कसोडपत्र करून दिले असेल तर ते मागा. "आमच्या बहिणी काही म्हणत नाहीत" हा कागद नव्हे. त्या आज म्हणत नसतील. भाव चौपट झाल्यावर भाचे म्हणतात, आणि त्यात त्यांचे चुकत नाही.

बॉण्डवरच्या खरेदीबद्दल किती वेळा सांगायचे, कळत नाही. 500 रुपयांचा स्टँप, त्यावर नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार आणि पेढे. यातून मालकी येत नाही. मुखत्यारपत्रावरच्या विक्रीनेही येत नाही. 2011 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तसे बजावले आहे. रजिस्टर खरेदीखत, मग फेरफार, मग सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर तुमचे नाव, एवढे झाल्यावरच प्लॉट तुमचा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव लागले म्हणून पुष्कळ जण निर्धास्त झोपतात.

500 चौरस मीटरहून मोठ्या जागेत आठांहून अधिक प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची नोंदणी लागते. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा आहे. होर्डिंगसमोर गाडी थांबवा, मोबाइल लावा. कोड नसेल तर गाडी पुढे घ्या. नोंदणी झालेल्या प्रकल्पातही रजिस्टर करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. रोखीचे म्हणाल, तर जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख विसार घेणाऱ्याला प्राप्तिकर कायद्याने तेवढाच दंड आहे. तरीही कुणी "थोडे रोखीत द्या" म्हणत असेल, तर तो तुम्हाला पुरावाच ठेवू देत नाही, हे ओळखा.

पाण्याचेही विचारा. घाणेवाडीचा निजामकालीन तलाव आणि जायकवाडीहून येणारी जलवाहिनी यांवर शहर तगते आहे. नळाला किती दिवसांनी पाणी येते, हे जालनेकरांना मी सांगायला नको. हद्दीबाहेरच्या लेआउटमध्ये ती जलवाहिनी येणार कधी? "बोअरला भरपूर पाणी आहे" हे मे महिन्यात जाऊन शेजारच्या वस्तीत विचारा.

विकणाऱ्या शेतकरी बांधवांनाही एक सांगणे आहे. थोडासा विसार घेऊन प्लॉटिंगवाल्याला कुलमुखत्यारपत्र लिहून देऊ नका. पुढे प्लॉट तो विकतो, फौजदारी तक्रारीत नाव तुमचे येते. आणि ज्यांनी बदनापूर, परतूर, अंबडकडे पूर्वी बॉण्डवर गुंठे घेऊन ठेवले आहेत आणि आता पुण्यात राहतात, त्यांनी या सुट्टीत गावी यावे. 15 ऑक्टोबर 2024 पूर्वीचा व्यवहार असेल आणि मूळ मालक हयात असेल, तर कागद घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आणि दुय्यम निबंधकाकडे जा. मुद्रांक शुल्क भरून दस्त रजिस्टर करून घ्या. मालक गेला की त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागतील, आणि वारस कमी होत नसतात.

या पाडव्याला टोकन नाही दिले तर महिन्याने अक्षय तृतीया आहेच. तेवढ्या अवधीत सातबारा, जुने फेरफार, रेखांकन मंजुरीचा आदेश आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरची सूची-2 काढा आणि विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या वकिलाला दाखवा. जो विक्रेता एवढे दिवस थांबायला तयार नसेल, त्याच्याकडून घेऊ नका.