शब्द कळत नाहीत!

"शब्द कळत नाहीत!" हा आमच्या दादांचा संगीतावरचा पहिला आणि शेवटचा अभिप्राय. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. कुपवाडच्या एमआयडीसीत तीस वर्षं त्यांनी लेथच्या खडखडाटात काढली. तिथे त्यांना सगळ्यांचे सगळे शब्द कळत. निवृत्तीनंतर मात्र त्यांचे कान एकाएकी नाजूक झाले आणि त्या नाजूकपणाचा पहिला बळी म्हणजे आमची भाची.

भाचीची आई, आमची धाकटी बहीण, गेल्या दिवाळीच्या तोंडावर गेली. पोर आमच्याकडे राहायला आली ती एक बॅग, आईची शाल आणि दोन स्पीकर घेऊन. रात्री जेवणं आटोपली की माडीवर गाणी लावून बसते. परवा दादा जिना चढून वर गेले. म्हणाले, "अजून वर्षश्राद्ध व्हायचंय घरात. हा काय धिंगाणा?" पोरीने निमूटपणे बंद केलं. उलट बोलली असती तर मी दादांची बाजू घेतली असती. ती निमूट झाली म्हणून मी हे लिहायला बसलो. मोठ्या भावासमोर तोंड उघडायची आमच्याकडे पद्धत नाही. छापून आलेलं मात्र ते वाचतात.

"काय होतं ग ते?" मी विचारलं.

"जॅपनीज ब्रेकफास्ट, मामा."

"त्यात मासे असतात का ग?" स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींचा प्रश्न.

मासे नसतात. मिशेल झॉनर नावाच्या अमेरिकन गायिकेने घेतलेलं ते नाव आहे, आणि बाई जपानीही नाही. आई कोरियन, वडील अमेरिकन. आधी ती एका बँडमध्ये गायची. आईला कॅन्सर झाला तेव्हा शुश्रूषेसाठी ऑरेगनला घरी परतली. २०१४ साली आई गेली. २०१६ साली तिचा या नावाचा पहिला अल्बम आला, 'सायकोपॉम्प'. मूळ शब्द ग्रीक. मेलेल्याच्या जिवाला पलीकडे पोचवणारा तो सायकोपॉम्प. मुखपृष्ठावर हात पुढे केलेली तिची आई. नऊ गाणी, सगळी मिळून पंचवीसेक मिनिटं. आपल्याकडे तेवढ्यात गवई तंबोरे लावत असतो.

आता त्या धिंगाण्याविषयी. या बाईच्या गाण्यांवर 'शूगेझ'ची छाया आहे म्हणतात. १९८०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडात काही पोरं गिटारचा आवाज पायाखालच्या पेडलमधून फिरवून, घुमवून, फाडून काढत. पेडल दाबायला मान खाली, म्हणून पत्रकारांनी थट्टेने त्यांना बूट न्याहाळणारे ठरवलं. सूर एकमेकांत विरघळतात, गळा त्या धुक्यात अर्धा बुडतो. म्हणून शब्द कळत नाहीत. तिने ते मुद्दाम केलंय, दादा! या अल्बममधली काही गाणी तर चक्क नाचावं अशी आहेत. धुकं आहे ते मागे.

आणि धुक्याचं आपल्याला वावडं कधीपासून? मिरज आपल्या शेजारी. तिथले कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जवारी लावतात ती कशासाठी? तार स्वच्छ 'टण्' वाजून गप्प बसू नये, तिच्यातून आणखी दहा सूर उठावेत, म्हणूनच ना? २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा दादांनी ही बातमी दुधवाल्यालाही सांगितली होती. दादांचं दैवत अब्दुल करीम खाँसाहेब. १९३७ साली ते गेले. दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ होणारी संगीतसभा दादा चुकवत नाहीत. खाँसाहेबांच्या किराणा घराण्यात आधी सूर, शब्द मागाहून. तराण्यात तर शब्दाला अर्थच नसतो, आणि दादा तिथे माना डोलावतात! गुन्हा गिटारचाच दिसतो. (सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ साली झाली तेव्हापासून बोलताना तिसरं नाव पुटपुटलं जातं, हे सोसणाऱ्या कुपवाडकराने तरी अस्पष्ट उच्चाराची तक्रार करू नये.)

राहता राहिलं श्राद्ध. बहिणीच्या दहाव्याला गुरुजी तासभर जे म्हणत होते, त्यातला एक तरी शब्द दादांना कळला होता का? दक्षिणा दिली, नमस्कार केला, डोळे पुसले. मग पोरीने तिच्या भाषेत तासभर काही ऐकलं तर बिघडलं कुठे? आपण काय केलं? बहिणीचा फोटो दादांनी कपाटात ठेवला, कारण तो त्यांना बघवत नाही. तिचं नाव निघालं की मी उठून मोटर बंद करायला जातो. आठ महिन्यांत आमच्या टाकीतून पाणी एकदाही सांडलेलं नाही. अख्ख्या घरात आईविषयी काही बोलतंय ते फक्त माडीवरचे दोन स्पीकर, आणि आपण तेही बंद करवले.

कबूल करतो, मलाही सगळं आवडलं नाही. एका गाण्याने डोकं चढलं. रात्री दहानंतर आवाज कमी असावा, हेही मान्य. पण वर्षश्राद्धाच्या दिवशी गुरुजी गेले की मी भाचीला स्पीकर खाली बैठकीत आणायला सांगणार आहे. फोटोही कपाटाबाहेर काढणार आहे. दादांना सोसवलं नाही तर त्यांनी कानात कापूस घालावा. देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात आहे, वाती वळायचा.